मदत हवी आहे: जुना टॉवर कूलर, जुने पंखे आणि आरजीबी पट्टी नव्या एएम५ बोर्डवर चालतील का?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीजवळच्या एका गावात माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणे हे मुख्य काम. २०१३ सालच्या आय७-४७७० वर आता फोरके फुटेज धड चालत नाही, म्हणून नवी मशीन जुळवून राहिलो आहे. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, एएम५ सॉकेटचा बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५ आणि समोर जाळी असलेली कॅबिनेट असं ठरलंय. कॅबिनेटमध्ये ५ व्होल्टचे तीन एआरजीबी (रंगीत एलईडी असलेले) पंखे बसवूनच येतात. जुन्या मशीनमधला १२० मिमीचा टॉवर कूलर (प्रोसेसर थंड करणारा, उभा), तीन पिनांचे दोन साधे पंखे आणि आरजीबी पट्टी (रंगीत एलईडींची) नव्या मशीनमध्ये वापरायची इच्छा आहे. तिन्ही वस्तू आजही उत्तम चालतात.

सगळ्यात मोठा प्रश्न टॉवर कूलरचा. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, म्हणजे रेंडरचा (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचा) सगळा ताण ऐन उन्हाळ्यात. बाहेर पारा ४५ च्या घरात असतो. दुपारी लाइन गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालू राहते, पण खोलीतला वाळ्याचा कूलर बंद पडतो आणि बघता बघता खोली ४० च्या वर जाते. पंख्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ७६०० ची मर्यादा ९५ अंशांची. डिसेंबरात खोली २० अंशांवर असली तर मधे ७५ अंशांची जागा मिळते, मे महिन्यात जेमतेम ५०-५५. त्यापुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि रेंडर लांबतं. प्रोसेसरसोबत रेथ स्टेल्थ कूलर येतो, पण तो बुटका आहे. पूर्ण ताणात ७६०० जवळपास ८८ वॅट खेचतो, तेवढी उष्णता त्याला आमच्या मे महिन्यात झेपेल का?

जुना टॉवर वापरावा म्हटलं, तर अडचण बसवण्याची आहे. त्याचं एएमडी प्रोसेसरसाठीचं ब्रॅकेट (कूलर बोर्डला जोडणारी पकड) एएम३ या जुन्या सॉकेटच्या काळातलं, स्क्रूचं. मोजपट्टी लावली तर छिद्रं ९६ बाय ४८ मिमीवर आहेत. एएम४ आणि एएम५ ची ९० बाय ५४ वर. शिवाय हा कूलर स्वतःची बॅकप्लेट (बोर्डच्या मागे बसणारी आधाराची प्लेट) मागतो, आणि एएम५ ची बॅकप्लेट सॉकेटला जोडलेली असल्यामुळे काढता येत नाही. प्लास्टिकच्या हुकांना क्लिप अडकवणारे जुने कूलर बसतात असं दिसतं, पण माझा तसा नाही. बोर्डच्याच बॅकप्लेटमध्ये स्क्रू जाणारं वेगळं ब्रॅकेट कुणी अशा जुन्या टॉवरला लावलंय का? दाब चारही बाजूंनी सारखा येतो का? छिद्रं घासून मोठी करणे मला पटत नाही. एवढ्या महागाच्या बोर्डवर असला प्रयोग नको.

आणखी एक. ज्यांनी ७६०० इको मोडवर (कमी वीज खेचणारी सेटिंग, ४५ वॅट) चालवलाय त्यांनी सांगावं, रेंडरचा वेळ किती वाढतो? फरक थोडा असेल तर उन्हाळ्यापुरता तोच मार्ग धरीन.

आता पंखे. तीन पिनांचा पंखा बोर्डवरच्या चार पिनांच्या हेडरवर (वायर जोडायच्या जागी) बसतो, फक्त बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) तो हेडर पीडब्ल्यूएमवरून (वेगाचा सिग्नल चौथ्या पिनेवरून) डीसीवर (वेग व्होल्टेज कमी-जास्त करून) न्यावा लागतो, नाहीतर पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो, इथवर कळलंय. माझ्या पंख्यांच्या मागच्या स्टिकरवर १२ व्होल्ट, ०.२५ अँपिअर लिहिलंय, म्हणजे एका हेडरच्या १ अँपिअरमध्ये दोन्ही आरामात बसतात. जुने-नवे एकाच स्प्लिटरवर (एका हेडरवर अनेक पंखे जोडणाऱ्या वायरवर) मिसळणार नाही, कारण वेग बदलण्याची दोघांची पद्धत वेगळी. प्रश्न जागेचा आहे. समोरून तीन नवे हवा आत घेतील. जुना एक मागे लावणं नक्की. दुसरा वर लावू की तसाच ठेवून देऊ? दिवाळीपासून गावात कापसाच्या गाड्या चालू होतात, रुईचे तंतू घरात येतात आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त ठेवायची आहे, म्हणजे धूळ फटींतून न शिरता जाळीवरच अडेल. शिवाय वर आडवा लावलेला जुना स्लीव्ह बेअरिंगचा पंखा लवकर कुरकुरतो असा माझा समज आहे.

लाइट शेवटी, पण धाकट्या भावासाठी तेच पहिलं. गिऱ्हाईक अल्बम निवडायला बसतं तिथूनच कॅबिनेट दिसते, त्यामुळे त्याचंही खरं आहे. पट्टी १२ व्होल्टची, चार पिनांची. नवे पंखे ५ व्होल्टचे, तीन पिनांचे. बोर्डवर दोन्ही प्रकारचे हेडर आहेत. ५ व्होल्टचं काही १२ व्होल्टवर लागलं तर एलईडी जळतात, म्हणून दोन्ही वायरींना वेगळ्या रंगाची टेप लावून ठेवणार आहे. पट्टीवर एका वेळी एकच रंग येतो, पंख्यांवर मात्र प्रत्येक एलईडी वेगळा चालतो. बोर्डच्या सॉफ्टवेअरमधून दोघांना एकच स्थिर रंग दिला तर पांढरा आणि पिवळा सारखे दिसतात का? की पट्टी निळसर मारते? तसं असेल तर पट्टी स्टुडिओच्या पाटीमागे लावीन.

शनिवारी नागपूरला, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) खरेदीला जाणार आहे. त्याआधी निदान ब्रॅकेटबद्दल कुणी अनुभवाने सांगितलं तर नवा कूलर यादीत ठेवायचा की नाही ते ठरवता येईल. जुन्या ब्रॅकेटचा आणि बेसचा फोटो लागत असेल तर सांगा, टाकतो.