नवा गेम येईपर्यंत तुम्ही कुठे खेळलात?

एल्डर स्क्रोल्स ६ चा टीझर २०१८ च्या जूनमध्ये आला. जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. डोंगर, धुकं, संगीत, नाव, संपलं. तेव्हा दहावीत असलेली आमच्या सोसायटीतली पोरं आता नोकरीला लागली, गेमचा पत्ता नाही. तोवर करायचं काय, म्हणून मी एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन घेतला. २०१४ ला आला तेव्हा मासिक वर्गणी सक्तीची होती, मार्च २०१५ मध्ये ती सक्ती गेली. माझं कारण साधं होतं: जग तेच आहे. स्कायरिममध्ये (याच मालिकेतल्या आधीच्या गेममध्ये) पाहिलेलं विंडहेल्म शहर इथे सुमारे हजार वर्षं आधीचं बघायला मिळतं, आणि मला कथेपेक्षा त्या जगात उगाच भटकण्यातच जास्त रस आहे.

तर या धाग्यात तुमचे अनुभव हवेत. कुठल्या गेमची वाट पाहत होतात, तोवर कुठला ऑनलाइन आरपीजी (एखादं पात्र घेऊन खेळायचा गेम) निवडला आणि का? पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ), पैसे, सोबत, घरच्यांची बोलणी, सगळं चालेल. आणि मुख्य म्हणजे, नवा आल्यावर जुन्याचं काय झालं? कुठला गेम श्रेष्ठ यावर मारामारी नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

सांगलीहून

वाट पाहण्यात माझा नंबर वरचा लागेल. गिल्ड वॉर्स २ ची घोषणा २००७ ची, आणि गेम आला २८ ऑगस्ट २०१२ ला. मधली वर्षं मी पहिला गिल्ड वॉर्स खेळलो.

निवड केली म्हणण्यापेक्षा परिस्थितीने करून दिली म्हणा. घरी बीएसएनएलचा तो प्रसिद्ध प्लॅन होता, रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड फुकट आणि बाकी वेळी एकेक एमबी मोजायचा. मित्र 'वॉव वॉव' (म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) करत होते, पण त्याचे महिन्याला १५ डॉलर कुठून आणणार? आमच्या वडिलांसमोर क्रेडिट कार्ड हा शब्द काढायचीही सोय नव्हती. गिल्ड वॉर्सला वर्गणीच नाही. एकदा घेतला की झालं. शिवाय सुरुवातीला थोडासाच भाग उतरवायचा, मग तुम्ही ज्या नकाशात पाय ठेवाल तेवढाच पुढचा भाग आपोआप येतो. शॉर्टकटमध्ये एक शब्द जोडला की सगळा गेम एका दमात उतरायला लागायचा, ते काम अर्थात रात्री २ नंतर.

दुसरं कारण लोडशेडिंग. कायम माणसं सोबत घ्यावी लागणाऱ्या गेममध्ये ऐन लढाईत वीज गेली की बाकीचे शिव्या घालतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. इथे शहराबाहेर पडलं की नकाशा फक्त तुमच्या गटापुरता असतो आणि गटात संगणकाने चालवलेले हिरो घेता येतात. आधी तीनच घेता यायचे, २०११ च्या मार्चमध्ये सातही जागा हिरोंनी भरायची मुभा मिळाली. मग काय, वीज गेली तर गेली, फार तर माझा एकट्याचा खेळ बुडायचा.

पण खरी गंमत हॉल ऑफ मॉन्युमेंट्सची. आय ऑफ द नॉर्थ हा विस्तार घेतला की तुम्हाला एक दालन मिळतं. पहिल्या गेममध्ये कमावलेले किताब, दुर्मीळ शस्त्रं, चिलखतं, छोटे प्राणी तिथे मांडायचे, त्याचे गुण मिळतात, आणि त्या गुणांवर दुसऱ्या गेममध्ये बक्षिसं. एकूण ५० गुण, पण वस्तू सगळ्या ३० पर्यंतच मिळून जातात, पुढचे फक्त मिरवायचे किताब. त्यामुळे रिकामा वेळ भरायचा म्हणून खेळतोय असं कधी वाटलंच नाही. प्रत्येक संध्याकाळ पुढच्या गेमच्या खात्यात जमा होत होती. माझ्या रेंजर पात्रासाठी काळा मोआ हा पाळीव पक्षी हवा होता मला, तो मिळाला तेव्हा दुसरा गेम अजून बाजारात यायचा होता.

नवा आल्यावर? खेळलो, मनापासून खेळलो. उड्या मारता येतात हेच केवढं अप्रूप! पहिल्यात उडीच नव्हती. पण आठ कौशल्यांचा संच जमवण्याचं ते डोकं दुसऱ्यात मला सापडलं नाही. पहिल्याचे सर्व्हर चालू होतेच आणि २०१८ मध्ये तर त्याची चित्रं सुधारणारा अपडेटही आला. तेव्हा परत गेलो तो अजून आहे.

डोंबिवली

वॉव क्लासिक, म्हणजे वॉवचं जुनं रूप पुन्हा. २०१८ च्या ब्लिझकॉनमध्ये (वॉव बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या मेळाव्यात) सांगितलं की पुढच्या उन्हाळ्यात येणार. त्याच सुमारास, ३० ऑक्टोबर २०१८ ला, ओल्ड स्कूल रूनस्केप मोबाइलवर आला होता. माझं आयुष्य त्या काळात सीएसएमटी फास्ट लोकलमध्ये जात होतं, त्यामुळे फार विचार करावा लागला नाही. पीसीवर आणि फोनवर खातं एकच, आणि मोफत भागातही भरपूर करण्यासारखं.

लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी एक सूचना: लढायांच्या भानगडीत पडू नका. तेव्हा फास्ट लोकल पारसिक बोगद्यातून जायच्या. बोगद्यात नेटवर्क गेलं की तुमचं पात्र जागच्या जागी उभं राहून मार खातं, आणि मुंब्र्यापलीकडे बघता तर मेलेलं. म्हणून मी मासेमारी आणि लाकूडतोड यातच प्रावीण्य मिळवलं. गेममधली ३० नाणी देऊन बोटीने करमजा बेटावर जायचं, लॉबस्टर पकडायचे, पिशवी भरली की परत. चौथ्या सीटवर अर्धं बसून हे एका अंगठ्याने होतं.

क्लासिकसाठी ही तयारी फार कामाला आली. तिथेही सगळं संथ, घोडा ४० व्या लेव्हलला, तोपर्यंत पायपीट. नवीन गेमची सवय झालेले माझे मित्र पहिल्याच आठवड्यात वैतागले. मला उलट ते घरच्यासारखं वाटलं. उद्घाटन भारतात २७ ऑगस्ट २०१९ ला पहाटे साडेतीनला होतं, युरोपच्या सर्व्हरवर हजारोंची रांग. रांगेत उभा राहून मी फोनवर विलोची झाडं तोडत होतो. बायको पाणी प्यायला उठली, दोन्ही स्क्रीन पाहिले आणि काही न बोलता परत झोपली.

वर्गणी भरून ६० व्या लेव्हलपर्यंत गेलो आणि थांबलो. रूनस्केप आजही फोनमध्ये आहे.

मूळची अकोल्याची, सध्या बाणेर

वाट भाचा पाहत होता, न्यू वर्ल्डची. मी त्याच्या सोबतीला. तो गेम आधी मे २०२० मध्ये येणार होता, मग ऑगस्ट २०२०, मग २०२१ चा वसंत, मग ३१ ऑगस्ट, आणि शेवटी आला २८ सप्टेंबर २०२१ ला. लॉकडाउनमध्ये पोरगं नुसतं तारखा बदलताना बघत होतं. मी म्हटलं, अरे, फुकट काहीतरी शोध, मीही खेळते. त्याने फायनल फॅन्टसी १४ ची मोफत चाचणी शोधली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही चाचणी सात दिवसांची वगैरे नाही, मुदतच नाही. तेव्हा ६० व्या लेव्हलपर्यंत आणि हेवन्सवर्ड या पहिल्या विस्तारासकट सगळी कथा फुकट होती. २०२३ मध्ये ती मर्यादा ७० वर नेली आणि दुसरा विस्तारही त्यात घातला. अटी आहेत. जवळ तीन लाखांपेक्षा जास्त गिल (गेममधला पैसा) ठेवता येत नाही, बाजारात खरेदी-विक्री नाही, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या संघात) जाता येत नाही, गटात सामील होता येतं पण स्वतः गट बांधता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची: एकदा त्या खात्यावर गेम विकत घेतला की पुन्हा मोफत चाचणीत परतता येत नाही. घाईने 'विकत घ्या' वर बोट ठेवू नका.

मला वाटलं होतं मी कंटाळेन. कथा वाचायला प्रचंड आहे, तासन् तास नुसते संवाद. पण हा गेम २०१० मध्ये आला तेव्हा इतका फसला होता की कंपनीने तो बंद करून २०१३ मध्ये पुन्हा नव्याने आणला, आणि जुन्या जगाचा अंत हीच नव्याची सुरुवात केली. हे कळल्यावर मला त्या कथेत वेगळीच गोडी वाटू लागली. मी व्हाइट मेज झाले, म्हणजे सोबत्यांना बरं (हील) करणारं पात्र. घरात दिवसभर 'मावशी, हील दे, मावशी, हील दे!' आमच्या ताईला वाटायचं हे काहीतरी औषध आहे.

न्यू वर्ल्ड आला तसा भाचा पळाला. तिथे एका सर्व्हरवर साधारण दोन हजारांचीच सोय, त्यामुळे पहिले दिवस रांगेत गेले. डिसेंबरात कंटाळून परत आला आणि म्हणाला, मावशी, आता पूर्ण गेम घेऊ. तर इथे फायनल फॅन्टसीत एंडवॉकर हा नवा विस्तार येऊन एवढी झुंबड उडाली होती की कंपनीने विक्रीच थांबवली होती! जानेवारीच्या अखेरीस सुरू झाली तेव्हा घेतला.

वर्गणीचं एक सांगते. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम लागू झाले आणि परदेशी वर्गणीचे आपोआप कापले जाणारे पैसे कित्येकांच्या कार्डावरून जाईनात. त्यापेक्षा मुदतीचं कोड-कार्ड घ्यावं. पैसे संपले की खेळ थांबतो, शिस्तही लागते.

कॅलिफोर्निया

एव्हरक्वेस्ट नेक्स्ट. २०१३ मध्ये मोठ्या थाटात दाखवला, तोवर लँडमार्क घ्या म्हणाले, घेतला. ११ मार्च २०१६ ला नेक्स्ट रद्द. २०१७ च्या फेब्रुवारीत लँडमार्कही बंद. वाट पाहायचा गेम गेला आणि वाट पाहताना खेळायचाही गेला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: येणाऱ्या गेमची तयारी म्हणून कुठलाही गेम घ्यायचा नाही. आज जो आहे तो आज आवडला तर खेळायचा. सांगलीकरांचं वाचून हेवा वाटला, पण त्यांच्यासारखं सगळ्यांचं होत नाही. ब्लू प्रोटोकॉल आठवतोय का कोणाला? जपानात आला, बाकी जगात येण्याआधीच बंद झाला.

धागाकर्ता

कॅलिफोर्नियावाले दादा, तुमचा नियम पटतो, पण एल्डर स्क्रोल्सच्या बाबतीत पाळवत नाही. आणि लीग ऑफ लेजंड्सवाल्या रायट कंपनीच्या एमएमओची (हजारोंनी एकत्र खेळायच्या ऑनलाइन गेमची) वाट पाहणारे इथे नक्की असणार. २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, २०२४ च्या मार्चमध्ये सांगितलं की दिशा बदलून पुन्हा सुरुवात केली आहे. त्या मंडळींनीही लिहा.

नाशिकहून ऑकलंडला आलेला

माझ्या बाबतीत उलटं झालं, म्हणून लिहितो. पाथ ऑफ एक्झाइल इथल्याच कंपनीचा. २०१२ मध्ये डायब्लो ३ ची वाट पाहताना त्याच्या बंद बीटात (निवडक लोकांसाठीच्या चाचणीत) शिरलो होतो. डायब्लो आला, पहिल्या रात्री एरर ३७ (सर्व्हरवर गर्दी, आत जाता येत नाही) शिवाय काही दिसलं नाही, आणि मी एक्झाइलमध्येच राहिलो.

मग पाथ ऑफ एक्झाइल २ ची वाट सुरू झाली. तोवर पहिलाच खेळत राहण्यात शहाणपण होतं, कारण विकत घेतलेले स्टॅश टॅब (सामान ठेवायचे जादा कप्पे) आणि पोशाख दोन्ही गेममध्ये चालणार होते. ज्यांनी आजवर ४८० डॉलर किंवा जास्त खर्च केले होते त्यांना नव्याची अर्ली ॲक्सेस (पूर्ण होण्याआधी खेळायची) किल्लीही मिळाली. (मला मिळाली. यावरून माझ्या खर्चाचा अंदाज करू नका.) बाकीच्यांना ती ३० डॉलरला पडली. ६ डिसेंबर २०२४ ला आला, आमच्याकडे ७ तारखेची शनिवार सकाळ, पोहे करून बसलो होतो.

आणि मग पहिल्या गेमचे हाल. त्याची सेटलर्स ऑफ कालगूर ही लीग (नव्या गोष्टींसह सगळ्यांनी शून्यापासून खेळायचा हंगाम) जुलै २०२४ मध्ये सुरू झालेली. एरवी तीन-चार महिन्यांत नवी लीग यायची, पण सगळी माणसं दुसऱ्या गेमच्या कामाला लावल्यामुळे पुढची आली थेट जून २०२५ मध्ये. धाकट्याच्या लग्नाच्या गडबडीत थोरल्याला कोणी जेवायलाही विचारू नये, तसं झालं. दुसरा खेळता खेळता मी पहिल्याच्या नव्या लीगची वाट पाहायला लागलो! नवा गेम जुन्याच कंपनीचा असेल तर हे लक्षात असू द्या, जुन्याची आबाळ होतेच.

पुणे

काहीच निवडलं नाही. वाट पाहिली, झोप काढली, तब्येत सुधारली.

कोल्हापूर

धागाकर्त्यांनी रायटचं नाव काढलं म्हणून लिहितो. आम्ही कॉलेजची पोरं, त्याच गेमच्या नादात. गेमिंगचा पीसी आमच्यात एकाकडंच, बाकी सगळे फोनवाले. म्हणून अल्बियन ऑनलाइन. फोनवर २०२१ ला आला, पण तेव्हा पिंग इतकी वाईट की मारणारा निघून गेल्यावर आम्हाला कळायचं मार बसला. २०२३ च्या मार्चमध्ये आशियाचा वेगळा सर्व्हर सुरू झाला आणि मग खरी मजा आली भावा.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. काळ्या झोनमध्ये मेलं की अंगावरचं सगळं जातं. सगळं म्हणजे सगळं. म्हणून नव्या पोराला आम्ही आधी दम देतो: जेवढं गेलं तर रडू येणार नाही तेवढंच घालून बाहेर पड. आणि एकटं जायचं नाही. आमच्यातला एक शहाणा घाटातनं एकटाच निघाल्यागत महागडा बैल घेऊन काळ्या झोनमधनं माल न्यायला गेला. बैल गेला, माल गेला, आठवडाभर त्याला आम्ही शेतकरीच म्हणत होतो.

रायटचा येऊ दे नाहीतर न येऊ दे, आमचं गिल्ड आता मोडत नाही, येईल तेव्हा सगळे मिळूनच जाऊ. आशिया सर्व्हरवर कोण असंल तर गेममधल्या ब्रिजवॉच शहराच्या बँकेपाशी या, रात्री दहानंतर आम्ही तिथंच असतोय. येताना पिशवीत फार काही आणू नका.