आई-अण्णांचा अमेरिकेचा व्हिसा: निपाणीतून मुंबई की चेन्नई?

निपाणीकर_धाकटा

नमस्कार मंडळी. माझी थोरली बहीण न्यू जर्सीत असते. भाओजी एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोर म्हणजे त्यांची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. दिवाळीनंतर तिचं बाळंतपण आहे, आणि आई-अण्णांनी जावं असं घरात सगळ्यांच्याच मनात आहे. अण्णा ऊस आणि तंबाखू करतात, आई घर आणि जनावरं बघते. दोघं मराठी शाळेत शिकलेली. कन्नड बाजारापुरतं येतं, इंग्लिश नाही.

बेळगावातला एक एजंट म्हणतो, तुम्ही कर्नाटकातले, तुम्हाला चेन्नईलाच जावं लागणार. शिवाय शेताचे सगळे उतारे कन्नडात आहेत, ते इंग्लिश करून नोटरी करून आणा म्हणतो. आणखी एक अडचण म्हणजे आईच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा आहे. नाव, अण्णांचं नाव आणि आडनाव सगळं एकाच ओळीत छापलंय. त्यासाठी आधी नवीन पासपोर्ट काढा असा त्याचा आग्रह. एवढं सगळं करत बसलो तर बाळ रांगायला लागेल. कुणी हे करून आलंय का?

खानापूरची_काकू

बाळा, आधी चेन्नईचं मनातून काढून टाक. व्हिसाच्या मुलाखतीला राज्याची हद्द आडवी येत नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, जिथली तारीख मिळेल आणि सोयीची पडेल तिथली घ्यायची. आणि तुझ्या आई-अण्णांसाठी मुंबईच घे, कारण तिथं मुलाखत मराठीत देता येते. आपल्या भागातल्या माणसांना हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आयुष्यभर सरकारी कचेरीत एका भाषेत बोलायचं, घरी दुसऱ्या, आणि इथं आयती आपली भाषा मिळत असताना एजंट सांगतो म्हणून भलतीकडं जायचं!

आम्ही दोघं मुलाकडं टेक्सासला गेलो ते असंच, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीतून. काचेपलीकडं साहेब, शेजारी दुभाषी. साहेबानं ह्यांना विचारलं, परत कधी येणार? हे म्हणाले, "मृगाच्या आधी यायलाच पाहिजे, भाताची पेरणी कोण करणार?" दुभाष्यानं ते सांगितलं, साहेबानं किती एकर, काय पिकतं असं विचारलं. ह्यांनी कुठलं भात, कुठल्या शेतात, सगळं सांगितलं. आमच्याकडं कागदांची जाड फाईल होती, ती त्यानं मागितलीसुद्धा नाही.

असं का होतं ते समजून घे. तिथल्या कायद्याचं २१४(ब) कलम आहे. त्यानुसार बी-१/बी-२ म्हणजे कामानिमित्त किंवा भेटी-फिरण्यासाठीचा व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथंच राहायला चाललाय असं धरूनच अधिकारी बसलेला असतो. आपलं घरदार, शेती, माणसं इथं आहेत, आपण परत येणार, हे त्याला पटवायचं काम आपलं. अण्णांची शेती हीच त्यांची बाजू आहे, ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावी. तुझ्या बहिणीनं फोनवर उत्तरं पाठ करून घ्यायची नाहीत, तिला बजावून सांग. पाठ केलेलं लगेच कळतं आणि बिचारी माणसं घाबरून भलतंच बोलून बसतात. कशाला चाललाय विचारलं तर मुलीचं बाळंतपण आहे, तिला आणि बाळाला भेटायला चाललोय, असं सरळ सांगायचं. खरं तेच बोलायचं.

खरा जीव डीएस-१६० फॉर्ममध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात आहे. अधिकारी समोर तोच उघडून बसतो. तो इंग्लिशमध्ये भरायचा असतो, म्हणून एजंटाकडं देतात. आमच्या गल्लीतल्या एकीच्या फॉर्ममध्ये एजंटानं नुसतं 'गृहिणी' लिहिलं, मुलगा तिथं आहे हे लिहिलंच नाही. मुलाखतीत ती खरं बोलली, फॉर्म वेगळं बोलला, आणि व्हिसा नाकारला. तू शिकलेला आहेस, तूच भर. फक्त फॉर्म भरायला मदत केल्याचं त्यातच विचारतात, तिथं तुझं नाव लिही. भरलेलं सगळं दोघांना मराठीत वाचून दाखव.

आईच्या नावाला नवीन पासपोर्ट नको. आडनावाचा रकाना कोरा असेल तर नावाच्या रकान्यात छापलेलं सगळं फॉर्ममध्ये आडनावाच्या जागी टाकायचं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (FNU, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन इंग्लिश अक्षरं. व्हिसावर तसंच छापून येतं, बिचकू नका. आपल्याकडच्या कित्येक बायकांचे पासपोर्ट असेच आहेत.

उताऱ्यांचं म्हणशील तर मूळ प्रती सोबत असू देत, बँकेचं पासबुक असू दे. ढीगभर भाषांतरं आणि नोटरीवर पैसे घालवू नका. फी माणशी १८५ डॉलर आहे आणि व्हिसा मिळो न मिळो, ती परत येत नाही. पैसे तिथं लागणार आहेत.

बोटांचे ठसे आणि फोटो यांची वेळ वेगळी असते, मुलाखतीची वेगळी, त्यामुळं मुंबईत मुक्कामाची सोय बघ. आत मोबाईल चालत नाही आणि तुला त्यांच्याबरोबर जाता येणार नाही. दोघांचे फोन घेऊन तू बाहेर थांब.

शहापूर_बेळगाव

काकूंनी सांगितलं ते अमेरिकेचं. माझी मुलगी जर्मनीत आहे, तिकडं गणित उलटं आहे, म्हणून वाचणाऱ्यांसाठी लिहितो. शेंगेन व्हिसाला, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाला, कागदच बोलतात. मुलीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन खर्चाची हमी लिहून दिली, ती मूळ प्रत इकडं पाठवली. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. फी जून २०२४ पासून ९० युरो. आणि कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, त्यात सूट नाही. पहिली भेट नियमानं पार पाडली की पुढं सोपं जातं. तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरलेल्या भारतीयांना दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करायचा व्हिसा देण्याची सवलत एप्रिल २०२४ मध्ये आली.

निपाणीकर, अमेरिकेला विम्याची सक्ती नसली तरी काढाच. तिथलं दवाखान्याचं बिल शेत विकायला लावेल. अण्णांना बीपी-शुगर असेल तर ती आधीची दुखणी पॉलिसीत धरली आहेत का, हे बारीक अक्षरातलं वाचून घ्या. बहुतेक पॉलिसी ती धरत नाहीत.

निपाणीकर_धाकटा

काकू, केवढा भार हलका केलात! अण्णांना वाचून दाखवलं, म्हणाले, "मराठीत विचारत असतील तर मला कसली भीती?" दोनच शंका. आईच्या पासपोर्टात जन्मगाव 'बेलगाम' आहे, आधारवर 'बेळगावी'. आणि व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तर बहीण म्हणते वर्षभर राहा.

खानापूरची_काकू

पासपोर्टात जे आहे तेच फॉर्ममध्ये. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्याआधीच्या पासपोर्टांवर जुनंच असणार.

वर्षभराचं मात्र मनातसुद्धा आणू नका. व्हिसाची दहा वर्षं ही फक्त तिथल्या दारापर्यंत जायची मुदत. राहायचं किती, हे तिथं उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सहसा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या प्रवेशाच्या नोंदीत असते. बहिणीला सांग, घरी पोचल्या पोचल्या वेबसाइटवरून ती काढून फ्रिजवर चिकटव. त्या तारखेपुढं राहिलं की व्हिसा बाद होतो. वर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून निघालं तर तीन वर्षं, वर्षभर किंवा जास्त राहिलं तर दहा वर्षं प्रवेश बंद. नातवंडाची मुंज हुकेल रे.

आणि आई डिंकाचे लाडू नेणारच. विमानात किंवा उतरल्यावर खायचं काही आहे का विचारलं तर 'हो' म्हणायचं आणि डबा दाखवायचा. ताजी फळं, भाजी, बियाणं घेऊ नका. मुलाखतीची तारीख मिळाली की इथं कळव, दादरला आमच्या नणंदेचं घर आहे, दोघांची राहायची सोय होईल.