जास्वंदीची खरी पाकळी आणि तिचा रंग
वाळवलेली जास्वंद कॅनव्हासवर चिकटवून वरून अ‍ॅक्रिलिक मीडियमचा (रंग न घातलेल्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचा) हात दिला की रंग कायमचा टिकतो, असं काहीजण सांगतात. पाकळीचा पोत टिकतो हे अगदी मान्य, पण रंग नाही टिकत. जास्वंदीचा लाल रंग अँथोसायनिन या नैसर्गिक रंगद्रव्याचा. आम्लात तो लाल राहतो, अल्कलीशी गाठ पडली की जांभळा-निळा होतो. आणि अ‍ॅक्रिलिक मीडियम मुळातच थोडं अल्कधर्मी असतं! माझ्या एका चित्रात लालभडक पाकळी कडेकडून जांभळी होत गेली, शिरांपाशी तर निळसर झाक आली. उरलासुरला रंग पुढे उजेडाने उडाला. फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून मी पाकळीकडून फक्त शिरा घेते. ताज्या पाकळीच्या पाठीला पातळ रंग लावून ठसा उठवायचा, त्यावर टिश्यू पेपरचे फाडलेले तुकडे, आणि लाल रंग क्विनॅक्रिडोन या कृत्रिम रंगद्रव्याचा, तो उजेडात चांगला तग धरतो. ऑइल पेस्टल (तेल-मेणाचे रंगखडू) वापरणार असाल तर ते सगळ्यात शेवटी. ते कधीच पूर्ण वाळत नाही, त्यामुळे त्यावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही, सोलपटून निघतं.