लिलाव जिंकला, पैसे भरले, आता विक्रेता कॅमेरा द्यायला तयार नाही

निगेटिव्हवाला

ऑनलाइन लिलावात मी एक जुना रोलायकॉर्ड जिंकला. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून खाली बघत फोटो काढायचा कॅमेरा. बरेच दिवस शोधात होतो, कारण भिंगाला बुरशी न लागलेला आणि सावकाश वेगांवरही शटर नीट चालणारा कॅमेरा सहज मिळत नाही. विक्रेत्याने राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं बंधन नसतं ती) ठेवली नव्हती. वेळ संपली तेव्हा सगळ्यात वरची बोली माझी होती. जिंकल्याची मेल आली आणि मी लगेच वेबसाइटच्याच पद्धतीने पैसे भरले.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: "पॅक करताना हातातून पडला, शटर अडकलं. माफ करा. मी रद्द करण्याची विनंती पाठवतोय, त्यात कारण म्हणून 'खरेदीदाराला नको आहे' असं टाकतो, तुम्ही फक्त मान्य करा." वाईट वाटलं, पण वस्तू जुनी, पडूही शकते. मी अजून काही मान्य केलेलं नाही.

आणि काल तोच कॅमेरा पुन्हा लिलावात दिसला! फोटो नवे आहेत, पण सिरियल नंबर तोच आणि डाव्या कोपऱ्यात चामडं सुटलंय तेही तिथेच. वर्णनात लिहिलंय, "शटर सर्व वेगांवर व्यवस्थित." या वेळी राखीव किंमत आहे, आणि सुरुवातीचीच बोली माझ्या जिंकलेल्या बोलीपेक्षा वर.

मला पैसे परत नकोत, कॅमेरा हवाय. तो माझा आहे असं म्हणायचा मला हक्क आहे का? वेबसाइट त्याला द्यायला लावू शकते का? संताप इतका झालाय की त्याला काय लिहावं ते सुचत नाही.

साधा_ग्राहक

पैसे परत मिळतायत ना? मग घ्या आणि मोकळे व्हा. ज्याची नियत फिरली आहे त्याच्याकडून जबरदस्तीने कॅमेरा मागवलात तर तो कसा पॅक करून पाठवेल याचाही विचार करा.

ठोक्याची_घड्याळं

मी कित्येक वर्षं अशा लिलावांत जुनी घड्याळं विकते. विक्रेती म्हणूनच सांगते, हे सोडून देऊ नका. त्याने जे केलंय ते आम्हा सगळ्यांच्या पोटावर पाय देणारं आहे. बोली कमी आली तर नुकसान सोसायची तयारी असेल तरच राखीव किंमत न ठेवता वस्तू लावायची. मीही सोसलंय. चांगलं चालणारं घड्याळ मातीमोल भावात गेलं तरी ते नीट गुंडाळून पाठवायचंच, कारण कमी सुरुवातीमुळे गर्दी जमते त्याचा फायदा आपण आधी घेतलेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती रद्द करायची विनंती मान्य करू नका. "खरेदीदाराला नको आहे" हे कारण एकदा तुमच्या संमतीने नोंदलं गेलं की त्याच्या खात्यावर डाग पडत नाही, उलट सौदा मोडल्याची नोंद तुमच्या नावावर जाते. बऱ्याच ठिकाणी मग अभिप्राय लिहायची सोयही जाते. त्याला रद्दच करायचं असेल तर "माझ्याकडे वस्तू नाही" किंवा "वस्तू खराब झाली" हे त्याचं खरं कारण त्याने स्वतः निवडावं.

दुसरं, आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, दोन्ही लिलावांची पानं पूर्ण जपून ठेवा: वस्तू क्रमांक, लिलाव संपल्याची वेळ, बोलींची यादी, सिरियल नंबर दिसणारा फोटो, "शटर व्यवस्थित" हे वाक्य. तुम्ही त्याला काही विचारलंत की नवं पान तासाभरात गायब होईल. म्हणून आधी पुरावा, मग पत्र.

तिसरं, बोलणं फक्त वेबसाइटच्या निरोपांत. फोन नको, बाहेरची चॅट नको. तो "थोडे जास्त थेट पाठवा, कॅमेरा देतो" म्हणाला तर अजिबात नाही. वेबसाइटबाहेर पैसे गेले की तिचं संरक्षण संपलं.

वेबसाइट कॅमेरा मिळवून देईल अशी आशा मात्र ठेवू नका. बहुतेक वेबसाइटच्या अटींत स्पष्ट असतं की सौदा खरेदीदार आणि विक्रेत्यातला, आम्ही फक्त जागा देतो. त्या पैसे परत करवतात, खात्यावर निर्बंध घालतात, दुसऱ्या लिलावाचं पान काढून टाकतात. शेवटचं तरी नक्की मागा. त्याला तोच कॅमेरा दुसऱ्याला विकता येऊ नये, ही आत्ताची निकड आहे.

कागदपत्र

कायद्याच्या बाजूने थोडं. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, पण "ऑनलाइन लिलाव बंधनकारक नसतो" हा समज अनेक न्यायालयांनी खोडून काढलाय.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००१ मध्येच एका गाडीच्या लिलावात विक्रेत्याला बांधील ठरवलं. त्याला आलेली बोली फार कमी वाटत होती. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २००७ मध्ये एका जुन्या विमानाचा खटला आला होता. ईबेवर १,५०,००० डॉलरना बोली जिंकली गेली, आणि विक्रेत्याने तेच विमान दुसऱ्याला १,००,००० डॉलर जास्त घेऊन द्यायचं कबूल केलं होतं. न्यायालयाने विमान बोली जिंकणाऱ्यालाच द्यायला लावलं.

पण बऱ्याच देशांत वस्तूच मिळवून देण्याचा आदेश हा नेहमीचा उपाय नाही. वस्तू दुर्मीळ असेल, पैसे देऊन तशी दुसरी सहज आणता येत नसेल, तेव्हाच असा आदेश मिळण्याची शक्यता असते. रोलायकॉर्ड पुष्कळ बनले आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत नुकसानभरपाईचा मार्ग जास्त खरा: तसाच, त्याच अवस्थेतला दुसरा कॅमेरा घ्यायला जितके जास्त पैसे लागतील तो फरक. २०१४ मध्ये जर्मनीत एका गाडीवर १ युरोपासून लिलाव सुरू झाला. बाहेर ४,२०० युरोंचं गिऱ्हाईक मिळताच विक्रेत्याने तो मधेच बंद केला. तेव्हा आघाडीवर असलेल्या बोलीदाराने गाडीची किंमत ५,२५० युरो धरून ५,२४९ युरो मागितले, आणि न्यायालयाने मागणी उचलून धरली.

विक्रेत्याची बाजूही असते. जर्मनीच्या त्याच सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०११ मध्ये, लिलाव चालू असताना कॅमेरा चोरीला गेला म्हणून लिलाव मधेच बंद करणाऱ्या विक्रेत्याला दोष दिला नव्हता. म्हणून "खरंच बिघडला का" हा प्रश्न तुमच्या प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्याचं उत्तर त्याने स्वतःच नव्या वर्णनात लिहून ठेवलंय.

तो दुसऱ्या देशात असेल तर दाव्याचा खर्च कॅमेऱ्यापेक्षा जास्त होईल. अशा वेळी वेबसाइटकडे तक्रार, आणि पैसे परत यायला टाळाटाळ झाली तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे. दोन्हीकडे मुदत असते. "पुढच्या आठवड्यात बघतो" म्हणत तो तुम्हाला त्या मुदतीपलीकडे नेऊ शकतो.

निगेटिव्हवाला

पानं जपून ठेवली, विनंती नाकारली. आणि तो दुसऱ्या देशात नाही, माझ्याच देशात आहे. हे पाठवू का?

"तुमचा लिलाव मी जिंकला असून पैसे भरले आहेत. शटर बिघडल्याचं तुम्ही कळवलंत, पण त्याच सिरियल नंबरचा कॅमेरा तुम्ही चालू स्थितीत म्हणून पुन्हा लिलावात ठेवला आहे. कृपया ठरलेल्या किमतीत तो ७ दिवसांत पाठवा. शटर खरंच बिघडलं असेल तर तसा व्हिडिओ पाठवा, मी आहे त्या अवस्थेत घ्यायला तयार आहे. अन्यथा तुमच्यासारख्या फसव्या माणसाला मी सगळीकडे उघडं पाडीन."

ठोक्याची_घड्याळं

"आहे त्या अवस्थेत घ्यायला तयार" हे उत्तम, त्याची पळवाटच बंद झाली. शेवटचं वाक्य काढा. ते वाचून वेबसाइटचा माणूस तुम्हालाच धमकावणारा ठरवेल. त्या जागी लिहा: "अन्यथा दोन्ही लिलावांच्या पानांच्या प्रतींसह तक्रार नोंदवेन आणि दुसरा कॅमेरा घेताना पडणारा फरक तुमच्याकडून मागेन." दुसऱ्या लिलावाची तक्रार ७ दिवस थांबवू नका, ती आजच करा. त्यावर कुणाची बोली लागली तर तो माणूसही यात अडकेल.