मदत हवी आहे : शंखावर कोरलेल्या कॅमिओचा काळ कसा ठरवावा?

नमस्कार. सासूबाईंनी नेपल्समधील जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतलेला एक कॅमिओ (म्हणजे उठावाचे कोरीव चित्र असलेला) ब्रोच नुकताच माझ्याकडे आला आहे. केसांत द्राक्षांची पाने व घोस माळलेली, मद्यदेव बॅकसची उपासिका त्यावर कोरलेली आहे. उजेडासमोर धरल्यास तो नारिंगी-तपकिरी उजळतो आणि त्याची मागची बाजू किंचित खोलगट आहे. त्यामुळे तो अकीक या दगडाचा नसून शंखाचा, बहुधा नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको येथील कारागिरीचा असावा, असे मला वाटते. भिंगातून पाहिल्यावर केसांच्या बटांमध्ये कोरणीचे बारीक ओरखडे दिसतात, आणि गालावर पांढरा थर इतका पातळ केला आहे की खालचा तपकिरी रंग सावलीसारखा उमटतो. काय हात असेल त्या कारागिराचा!

मागची टाचणी चौकटीच्या कडेबाहेर येऊन साध्या आकड्यात अडकते, तिला खटका नाही. एवढ्यावरून ब्रोच १९०० पूर्वीचा मानता येईल का, की चौकट नंतर बसवलेली असू शकते?

हनुवटीपासून कडेपर्यंत केसासारखा तडा आहे. जुना शंख कोरडा पडू नये म्हणून त्याला हलके तेल लावतात, असे ऐकले आहे. परंतु तडा असताना ते योग्य ठरेल का? अनुभवी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे, तोपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.