पायगेम : सात नंदीध्वजांऐवजी एकच दिसतो आणि तोही सातपट वेगाने धावतो

कडकभाकरी (जुळे सोलापूर)
सिद्धेश्वर यात्रेतील मिरवणुकीवर एक छोटा खेळ करण्यासाठी मी पायथॉनमध्ये, पायगेम ही खेळ बनवण्याची लायब्ररी वापरून, स्वतःचे साधे गेम इंजिन लिहीत आहे. नंदीध्वजाच्या (मिरवणुकीतील उंच मानाच्या काठीच्या) क्लासमध्ये कन्स्ट्रक्टरच्या, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या फंक्शनच्या, ओळीतच स्थानासाठी डिफॉल्ट म्हणून एक व्हेक्टर (एक्स-वाय आकड्यांची जोडी) दिला असून, लूपमध्ये सात ऑब्जेक्ट तयार करताना प्रत्येकाच्या स्थानाचा एक्स मी निराळा भरतो. तरीही पडद्यावर एकच नंदीध्वज दिसतो, तोही सातव्याच्या जागी, आणि वेग फ्रेममागे 2 पिक्सेल असताना तो 14 पिक्सेल सरकतो. स्थानात वेग मिळवताना += ऐवजी ‘स्थान = स्थान + वेग’ असे लिहिले की वेग ताळ्यावर येतो; नंदीध्वज मात्र एकच राहतो. असे का व्हावे?

शेंगाचटणी
14 म्हणजे 7 गुणिले 2, यातच उत्तर आहे. डिफॉल्ट मूल्य फंक्शनची व्याख्या वाचली जाताना एकदाच तयार होते, दर वेळी नव्याने नाही. त्यामुळे आपल्या सातही ऑब्जेक्टांकडे एकच व्हेक्टर आहे, त्यात शेवटी भरलेला एक्स टिकला आणि प्रत्येक फ्रेमला त्यातच सात वेळा वेग मिळवला गेला. += त्याच व्हेक्टरमध्ये बदल करते, तर लांब रूपात बेरजेचा नवा व्हेक्टर तयार होतो. म्हणून आपला वेग सुधारला, पण त्याने दोष फक्त झाकला गेला, दूर झाला नाही. सातही स्थानांचा आयडी, म्हणजे पायथॉन प्रत्येक वस्तूला देतो तो ओळख-आकडा, छापून पाहावा. आकडा एकच येईल. डिफॉल्ट नन (None, म्हणजे ‘काही नाही’) ठेवून नवा व्हेक्टर कन्स्ट्रक्टरच्या आत तयार करावा.

कडकभाकरी
आयडी खरोखरच एक निघाला. आता सातही रांगेत चालतात. मात्र मिरवणुकीच्या वाटेवरील 68 लिंगांपैकी पहिल्यापाशी पोहोचताच सर्वांचा तैलाभिषेक झाल्याची नोंद होते. प्रत्येक लिंगासाठी एक रिकामी लिस्ट हवी म्हणून मी आत रिकामी लिस्ट असलेली लिस्ट 68 ने गुणली आहे. येथे तर डिफॉल्टचा संबंध नाही.

होटगीरोडकर
चुकीची जात तीच आहे. लिस्टला गुणले की आतल्या वस्तूची प्रत निघत नाही, तिचा संदर्भ तेवढा 68 वेळा लिहिला जातो. शून्यासारखा आकडा आत असता तर हे कधी कळलेही नसते, कारण आकडा जागच्या जागी बदलत नाही. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे कंसातच लूप लिहून लिस्ट बनवण्याची पद्धत, वापरावे, म्हणजे प्रत्येक फेरीत नवी लिस्ट तयार होईल. घाबरून सगळीकडे डीपकॉपी (आतल्या वस्तूंसकट पूर्ण प्रत) मात्र लावू नये. नंदीध्वजाचे चित्र एकदाच लोड करून सातही ऑब्जेक्टांनी तेच वापरणे योग्य आहे. फक्त त्या सरफेसवर (पायगेममधील चित्राच्या ऑब्जेक्टवर) थेट काही रंगवू नये, नाहीतर एकाला बांधलेले बाशिंग सातही नंदीध्वजांवर दिसेल.