गाईड निवडताना सायटेशनचा आकडा किती धरायचा?

नंदगडची (ता. खानापूर): धारवाडला एम.एस्सी. झालं, जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली. पीएच.डी.साठी दोन लॅबचा होकार आहे. बेंगळुरूच्या सरांचा एच-इंडेक्स (पेपरांचा इतरांनी किती उल्लेख, म्हणजे सायटेशन, केला त्यावरून काढलेला आकडा) 41, पुण्याच्या मॅडमचा 12. घरी मामांपासून शेजारच्या मास्तरांपर्यंत सगळ्यांचं एकच, 41 वाले धर, विचार कसला करतेस! मला मात्र मॅडमचं काम मनापासून आवडलंय: बिघडलेली प्रथिनं यीस्टची पेशी कशी निकालात काढते. पुढं पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या कामाच्या) वेळी गाईडचा आकडा आडवा येईल का?

निपाणीकर: दोघांची वयं बघा आधी. एच-इंडेक्स कधी खाली येत नाही, वर्षं सरतील तसा चढतोच. साठीतले सर आणि चाळिशीतल्या मॅडम यांची बरोबरी लावू नका.

टिळकवाडीची मावशी: पोरी, आधी अभिनंदन. मी हैदराबादेत प्रथिनांवरच काम करून बेळगावात परत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा आकडा 2005 साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं सुचवला. 41 म्हणजे किमान 41 वेळा उल्लेख झालेले 41 पेपर. उल्लेख कशापायी झाला, ते त्यात दिसत नाही. लॉरींचा 1951 चा पेपर घे. नळीत प्रथिन किती आहे, ते निळ्या रंगावरून मोजायची रीत. तीन लाखांवर उल्लेख! डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा 1953 चा पेपर त्याच्या आसपासही नाही. हा काही थोर पेपर नव्हे, असं लॉरी स्वतःच म्हणाले होते.

लेम्लींचा 1970 चा 'नेचर'मधला पेपर तर माझ्या फार जवळचा. एकटा लेखक. टी4 विषाणूचं डोकं तयार होताना प्रथिनं कशी कापली जातात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची जेलची पद्धत सुधारली. धारवाडच्या प्रॅक्टिकलला तू लावलेलं जेल तेच गं. निळी रेघ हळूहळू खाली उतरते, मग डाग धुवत बसायचं, आणि पट्टे उमटतात. उल्लेख करणाऱ्या बहुतेकांना हवं असतं ते जेल, टी4 चं डोकं नव्हे. मला तो मूळ प्रश्नच सुंदर वाटतो.

आणि थोर कामाकडे लोक पाठ कशी फिरवतात, ते बघायचं तर मॅक्लिंटॉकबाई! मक्यातली जागा बदलणारी जनुकं त्यांनी दाखवली, लोकांना पटेना, म्हणून 1953 नंतर त्यांनी त्यावर सविस्तर छापणं थांबवलं. नोबेल मिळालं 1983 ला.

नंदगडची: मावशी, मग बघायचं तरी काय?

टिळकवाडीची मावशी: दोघांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ. पहिलं नाव विद्यार्थ्याचं आणि शेवटचं गाईडचं, असे किती? तीसजणांच्या यादीत मधेच नाव असलेले पेपर आणि रिव्ह्यू (इतरांच्या कामाचा आढावा घेणारे लेख) यांनी आकडा फुगतो, ते बाजूला ठेव. मग लॅबमधून बाहेर पडलेल्या मुलांना फोन कर. पहिला पेपर कितव्या वर्षी आला, गाईड मसुदा किती दिवस टेबलावर ठेवतात, सगळं विचार. फेलोशिप पाच वर्षांची, पोट त्यावरच. पोस्टडॉकला तुझा पेपर आणि गाईडचं पत्र वाचतात. माझं मत मॅडमच्या बाजूनं आहे.

नंदगडची: त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीशी बोलले. पेपर चौथ्या वर्षी आला, पण प्रश्न तिनं स्वतः निवडला होता.

निपाणीकर: मॅडमची ग्रँट (लॅबला मिळणारा संशोधनाचा निधी) अजून किती वर्षं आहे, तेवढं विचारून घ्या. एन्झाइम, अँटिबॉडी त्यातूनच येतात.